ती पायरी हलते

जरा टेका. वरून तिसऱ्या पायरीवर बसा, तिथं भिंतीची सावली असते. दमलेल्या माणसाला बसवून घ्यायची मला जुनी सवय आहे. मी जिना. टेकडीवरची ही वस्ती आणि खालचा मोठा रस्ता यांना जोडणारा दगडी जिना.

पाथरवटांनी या टेकडीचाच दगड फोडून मला घडवलं. काम चांगलं झालं, फक्त मधल्या एका पायरीखाली गवंड्यानं घाईत चुना कमी घातला. तेव्हापासून ती हलते. कडेला पाय पडला की पुढं कलते. ती दुरुस्त करण्याऐवजी वस्तीनं ती ओलांडायची सवय करून घेतली. डोक्यावर ओझं असो की कडेवर मूल, इथल्या माणसाचा पाय बरोबर तिथं लांब पडतो. त्याला स्वतःलाही ते कळत नाही.

माझ्या माथ्याशी मिनिटकाका राहतात. घड्याळं दुरुस्त करतात. काही विचारलं की "एक मिनिट" म्हणतात आणि मग बराच वेळ बोलतच नाहीत, म्हणून हे नाव पडलं. काकू म्हणायच्या, "दुनियेची घड्याळं चालवतात, स्वतःची किल्ली तेवढी हरवलीय." काकूंना दमा. बाजारातून येताना त्या तुम्ही बसलात तिथंच बसायच्या, पिशवी मांडीवर घेऊन, माझ्या दगडावर तळहात टेकून.

एका रविवारी वाचनालयातल्या ताईंनी वस्तीला बोलावलं. ताई वस्तीतल्याच. फोनवरच्या नकाशात आमची टेकडी नुसती कोरी होती.

"हा नकाशा लोकच भरतात. आपला आपण भरू," ताई म्हणाल्या.

मग काय, हौसेला मोल नाही. शिंपी म्हणाला, "माझं दुकान जरा ठळक दाखवा." पिठाच्या गिरणीवाली म्हणाली, "याचं ठळक, तर माझं दुप्पट ठळक!" ताईंनी माझ्या जागी एक रेघ ओढली आणि विचारलं, "हा आपला रस्ता, बरोबर?"

"बरोबर!" सगळे एका सुरात म्हणाले.

सगळे माझ्यावरूनच चढून आले होते. तरी हा जिना आहे, असं कुणी बोललं नाही. पाण्याच्या टाकीमागून टँकर वर येतात तो वळणाचा रस्ताही कुणाला आठवला नाही. जे सगळ्यांना पाठ, ते सांगायचं कुणाला?

थोड्याच दिवसांत खाली एक सामानाची गाडी येऊन भोंगा वाजवू लागली. ड्रायव्हर फोन दाखवत म्हणाला, "यात रस्ता दाखवतोय!"

"मग त्यातच चालव की!" शिंपी वरून ओरडला. वस्ती पोट धरून हसली. ताई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे दुरुस्त करायला हवं. रविवारी बसू." त्या रविवारी कुणाला सवड झाली नाही. पुढच्याही नाही.

मग ती दुपार आली. काकूंचा श्वास अडला. काका अनवाणी ताईंकडे धावले. ताईंनी रुग्णवाहिका बोलावली. भोंगा जवळ येताना मी ऐकला, आणि तो माझ्या पायथ्याशी येऊन थांबला.

ड्रायव्हरनं फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अहो, इथं तर जिना आहे!"

"टाकीमागून या, गाडी दारापर्यंत येते!" ताई धावत खाली येत ओरडल्या.

"कुठून जायचं तिकडं?"

"बाजारातून मागं, मग…"

"बाजारातून? ताई, आत्ताच तिथून कसाबसा सुटलोय. तेवढा वेळ आहे का पेशंटला?"

ताईंनी वर काकांच्या दाराकडे बोट दाखवलं.

त्याचा सोबती प्राणवायूची टाकी घेऊन एका ढांगेत दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला, म्हणून ती पायरी त्याला चुकली. मला हायसं वाटलं, पण उतरायचं बाकी होतं.

काकांच्या कामाच्या खुर्चीत काकूंना बसवलं. तोंडावर मास्क, ओठ निळसर. मागून शिंप्यानं खुर्ची धरली, पुढून त्या सोबत्यानं. तो उलटा उतरत होता, पाय चाचपत. काका बाजूनं प्राणवायूची टाकी घेऊन. एकेक पायरी. शिंप्याच्या पायाला सगळं ठाऊक, गर्दीच्या पायांना ठाऊक. त्या एका परक्याच्या पायाला ठाऊक नव्हतं, आणि पुन्हा कुणी बोलत नव्हतं.

"एक मिनिट," काका म्हणाले.

कुणी लक्ष दिलं नाही. काकांच्या मिनिटासाठी आजवर कोण थांबलंय?

त्याची टाच पायरीच्या कडेवर टेकली. दगड कलू लागला. मी अंगातली सगळी ताकद लावली, पण जिन्याची ताकद ती काय!

"थांबा! ती पायरी हलते!"

काकांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. शिंपी खुर्ची धरून तिथंच मागं मटकन बसला. खुर्ची एका पायावर डुगडुगली. तो माणूस कठड्यावर आदळला, पण त्यानं हात सोडले नाहीत. काकांनी पटकन काकूंचा मास्क सारखा केला. मग कुणीतरी म्हणालं, "पाय लांब टाका, अजून लांब," आणि ते पार झाले.

काकू वाचल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. ते ऐकून ताईंनी रविवारची वाट पाहिली नाही. सगळ्यांना माझ्यावर आणून बसवलं. "आता मी परकी. मला इथलं काही म्हणजे काही ठाऊक नाही. सांगा, हे काय आहे?"

"ताई, चेष्टा करता का गरिबाची?" शिंपी म्हणाला.

"एक मिनिट," काका म्हणाले. या खेपेला सगळे थांबले. काका सावकाश बोलले, "हा जिना आहे. गाडी चढत नाही. कठडा एकाच बाजूला. गाडीनं यायचं तर टाकीमागून."

ताईंनी तसं भरलं. नकाशात मी आता जिन्याची तुटक रेघ आहे. खाली भोंगे वाजत नाहीत. काकू टाकीमागच्या रस्त्यानं गाडीतून घरी आल्या. जिना चढायला डॉक्टरांनी मनाई केलीय. त्यांच्या चपलांची चाहूल मला आता लागत नाही. संध्याकाळी त्या वरच्या पायरीवर येऊन बसतात, पूर्वीसारखाच दगडावर तळहात टेकून. मला तेवढं पुरे आहे.

तुम्हाला कुणी वाट विचारली, तर जे तुम्हाला पाठ आहे तेच आधी सांगा. परक्याला नेमकं तेच ठाऊक नसतं.

खाली निघालात? एक मिनिट. गवंड्याला निरोप गेलाय, पण तो अजून आलेला नाही. मध्यावर, कठड्याला गंज चढलाय तिथली पायरी हलते. पाय लांब टाका. हं, अजून थोडा. आता सुखानं जा.