वीस पॉइंटांतलं गिधाड

सांगोल्याच्या माळावर नवव्या टकरीला समोरच्या एडक्याचं कपाळ फुटलं, तो आवाज श्रीमंतच्या कानातून पुढे कधी गेला नाही. वाळका भोपळा दगडावर आपटावा तसा आवाज. तो एडका पुढच्या गुडघ्यांवर बसला, नाकातून रक्ताचे बुडबुडे काढत कलंडला, आणि त्याचा म्हातारा मालक ते डोकं मांडीवर घेऊन धुळीत बसून राहिला. श्रीमंतचा एडका, भुंगा, जिंकला होता. भुंग्याचा डावा डोळाही त्याच दिवशी गेला. घरी आल्यावर मायाक्काने नवऱ्याला एवढंच सांगितलं, की या घरात एक तर ते जनावर राहील, नाही तर मी.

श्रीमंतने भुंगा विकला. ओळखीतल्या बिरुदेवने कळपाला नर पाहिजे म्हणून तो नेला. श्रीमंतने ते खरं मानलं. खरं मानणं सोयीचं होतं. पुढे नवराबायको सोलापुरात आली. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात त्याला राखणदाराचं काम मिळालं, आणि मागच्या मोकळ्या जागेत चार मेंढरं बांधायची परवानगीही.

दोन वर्षांनी बिरुदेवनेही त्याच रस्त्याला वेल्डिंगची शेड टाकली. शेडमागे भुंगा बांधलेला पाहिला तेव्हा श्रीमंत जवळ गेला. जनावराच्या अंगावर जुन्या जखमांचे वण होते. उजवं शिंग मुळाशी तडकलेलं होतं. बोट लावलं तर भुंग्याने सगळं अंग थरथरवलं. कळपाबिळपाचं काही नव्हतं. बिरुदेव त्याला टकरींनाच फिरवत होता, आणि भुंगा त्याची फजिती करत होता. लहानपणापासून त्याला श्रीमंतच्या हाळीवर धावायची सवय. ती हाळी ऐकू आली नाही की तो रिंगणात नुसता उभा राहायचा, मार खायचा आणि पाठ फिरवायचा. लोक बिरुदेवला हसायचे. आता मंगळवारी दुधनीच्या पलीकडे एका कोवळ्या, दांडग्या एडक्याशी त्याची टक्कर ठरली होती. श्रीमंतला हिशेब कळत होता. तडकलेलं शिंग चार टकरी सोसेल. पाचवीला कवटी उघडेल.

त्याने बिरुदेवकडे भुंगा परत मागितला. बिरुदेव हसला. पैसे घेऊन तो देणार नव्हता, त्याला हसलेल्या लोकांची तोंडं बंद करायची होती.

शेडच्या शेजारी सिद्धलिंगप्पाचं चहाचं दुकान होतं. रविवारी दुपारी तिथे चार माणसं जमून फोनवर 'रणकुंड' नावाचा पत्त्यांच्या लढाईचा खेळ खेळत. श्रीमंतच्या फोनमध्ये तो त्याच्या मुलीने, पूनमने, वेळ जायला म्हणून घालून दिला होता. पत्त्यांवर जनावरं, दैत्य, तिरंदाज. प्रत्येकाची किंमत पॉइंटांत. डाव सुरू होताना फोन त्या डावाचे निर्बंध सांगे: इतक्याच पॉइंटांत संघ बसवा, अमक्या पत्त्यांना बंदी. दोन मिनिटांत पत्ते निवडायचे, रांग लावायची आणि बटण दाबायचं. मग माणसाच्या हातात काही उरत नसे. पत्ते आपले आपण लढत आणि मरत. रांगेत पहिला असेल त्याच्यावर सगळा मार. बाकीचे त्या पहिल्याला टँक म्हणत. श्रीमंत टँकर म्हणे, कारण गावाकडे टँकर आला की सगळे त्याच्यावरच तुटून पडत.

श्रीमंतचा टँकर ठरलेला, काळा एडका. नऊ पॉइंटांचा पत्ता, वर्षभर जपून वाढवलेला. तो पहिल्या जागेवर ठेवून श्रीमंत बिरुदेवशी अकरा डाव खेळला होता आणि अकराही हरला होता. दर वेळी बिरुदेव विचारायचा, अण्णा, आणलासा का एडका, माझ्या दैत्याला भूक लागलीया.

त्या रविवारी बिरुदेवने चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "एक डाव, अण्णा. जिंकलासा तर भुंगा न्या, मी एक शब्द बोलणार न्हाय. हरलासा तर मंगळवारी रिंगणाच्या कडंला हुभं राहून हाळी तुमी द्यायची."

सिद्धलिंगप्पा काउंटरमागून मान हलवत होता. "ब्याड, श्रीमंत," तो हळूच कानडीत म्हणाला. नको.

श्रीमंतने फोन काढला.

पडद्यावर निर्बंध आले. एकूण वीस पॉइंट. जखमा भरणाऱ्या पत्त्यांना बंदी. आणि वेग उलटा: जो सर्वांत मंद, तो आधी मारणार.

त्याचं बोट सवयीने काळ्या एडक्यावर गेलं. एडका चपळ होता. आज चपळाचा वार शेवटी येणार होता, तोवर दैत्याने त्याचा चेंदा केला असता. टकरीच्या माणसाला दुबळं जनावर पुढे काढणं म्हणजे मिशी उतरवण्यासारखं. श्रीमंतने निर्बंध पुन्हा वाचले. मग त्याने एडका काढून टाकला. पुढे दोन मेंढरं ठेवली, दोन-दोन पॉइंटांची, जी कुणी कधी खेळवत नाही. त्यामागे पाच पॉइंटांचं साळींदर. त्याला मारणाऱ्याच्याच अंगात काटे घुसतात. त्यामागे चार पॉइंटांचं कासव, वार न करणारं, नुसतं सोसणारं. शेवटी सात पॉइंटांचं गिधाड. थोराड, आळशी पक्षी. कुठल्याही जागेवरून झडप घालायचा, आणि कुणीही मेलं, आपलं किंवा दुसऱ्याचं, की मांस खाऊन वाढायचा. बेरीज वीस. चार सेकंद उरले असताना त्याने बटण दाबलं.

बिरुदेवने दैत्य, लांडगा आणि तिरंदाज असे तीनच आणले होते. समोर मेंढरू पाहून तो मांडीवर थाप मारून हसला.

गिधाडाने पहिली चोच मारली. दैत्याच्या खांद्यावर नुसता ओरखडा उठला. मग दैत्याने गदा उचलली आणि पहिल्या मेंढराचा लगदा केला. गिधाड फुगलं. तिरंदाजाचा बाण दुसऱ्याच्या मानेत घुसला. ते लगेच मेलं नाही, पाय झाडत राहिलं. श्रीमंतचे डोळे त्याच्यावर खिळले होते. लांडगा उडी घ्यायच्या आत ते मरायला हवं होतं, म्हणजे ती उडी साळींदरावर पडली असती.

"मर की," तो म्हणाला. "मर लवकर."

आपण हे मोठ्याने बोललो, हे त्याला सिद्धलिंगप्पाच्या नजरेतून कळलं. पावसापाण्यात कोकरं घोंगडीत घालून मैलोगणती चाललेला माणूस होता श्रीमंत.

मेंढरू मेलं. गिधाड आणखी फुगलं. लांडग्याने साळींदर धरलं आणि त्याचा जबडा काट्यांनी फाटला. दैत्याने ते चिरडलं, तेव्हा त्याच्याही छातीत मूठभर काटे गेले. गिधाडाने दोन झडपांत दैत्याचा गळा उघडला. मग उरलेल्या दोघांनी मिळून कासवाची पाठ फोडली, आणि त्या मांसावर गिधाड इतकं वाढलं की पडद्यात मावेना. लांडगा एका चोचीत गेला. तिरंदाज दुसरीत. मैदानात सगळी मढी होती, आणि त्यांच्यामधे एकटं गिधाड.

 बिरुदेवने हातातला फोन श्रीमंतच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, एक दात हलला. श्रीमंत रक्त थुंकला आणि भुंग्याकडे चालू लागला.

"न्यायाचा तर मेलेला न्या," बिरुदेव म्हणाला, आणि शेडमधून घण उचलून त्याच्या पुढे धावला.

सिद्धलिंगप्पा मागून त्याला दिलेल्या शब्दाची आठवण करून देत होता. घणाचा पहिला घाव तडकलेल्या शिंगावर बसला. शिंग मुळातून निघालं आणि रक्ताची चिळकांडी पत्र्यावर उडाली. ओढाताणीत दावं तुटलं. भुंगा दोन पावलं मागे सरला आणि हाळीबिळीची वाट न बघता सुटला. बिरुदेवचा गुडघा उलट्या बाजूला वाकला. तो पडला, घण लांब गेला.

भुंगा पुन्हा मागे सरू लागला. चार पावलं, सहा, आठ. एडका मागे जातो तो पळायला नव्हे, टक्कर द्यायला धाव घ्यावी म्हणून. बिरुदेवचं डोकं जमिनीवर होतं, कपाळ बरोबर त्याच्या रेषेत.

श्रीमंत गप्प उभा होता. नुसतं गप्प राहायचं होतं, बाकी सगळं आपोआप झालं असतं. एवढ्यात बिरुदेव आईला हाक मारून रडायला लागला, लहान पोरासारखा.

श्रीमंतने भुंग्याच्या मानेला मिठी मारली. दहा हात तो फरपटत गेला, छाती खडीवर सोलवटली, पण मिठी सुटू दिली नाही. शिंगाच्या भोकातलं ऊन रक्त त्याच्या कानात जात होतं. हळूहळू जनावर थांबलं. धापा टाकत त्याने नाक श्रीमंतच्या काखेत खुपसलं.

सिद्धलिंगप्पाने बिरुदेवला रिक्षात घातलं. जाताना बिरुदेवने एकदाच मान वळवली.

"घेऊन जा त्याला, अण्णा," तो म्हणाला. "मला दिसाय नको."

दारात मायाक्का उभी होती. नवऱ्याचा फाटलेला ओठ, रक्ताने माखलेला सदरा आणि मागे भुंगा.  तिने हळद आणली आणि शिंगाच्या भोकात मूठभर दाबली. भुंगा हलला नाही. तिने बादली पुढे केली तेव्हा पाणीही प्यायला.

मग वाऱ्यावर चार मेंढरांचा वास आला. भुंग्याने डोकं वर केलं, उरलेला डोळा तिकडे वळवला आणि दावं ताणत एक पाऊल मागे घेतलं. मग आणखी एक.

"ह्याला मेंढरांत सोडता येणार न्हाय," मायाक्का म्हणाली. "कंदीच."

श्रीमंतने मान डोलावली. कारखान्याच्या भिंतीशी, मेंढरांपासून लांब, त्याने लोखंडी मेख ठोकली. भुंग्याला तिथे बांधलं आणि मागे होऊन पाहिलं. दावं सैल होतं. त्याने गाठ सोडली, हातभर दावं आत घेतलं, पुन्हा बांधलं. भुंग्याला अजून दोन पावलं मागे जाता येत होतं. श्रीमंत खाली बसला आणि पुन्हा गाठ सोडू लागला.