उतरणीचं पाणी

मास्तरांनी बाटली नळाखाली धरली आणि अर्धी भरताच नळ बंद केला. झाकण लावलं, बाटली पाठपिशवीच्या बाजूच्या कप्प्यात खोचली आणि ते बूट चढवायला बसले.

सून ओट्यापाशी त्यांचा डबा भरत होती.

"बाबा, पाणी अर्धंच घेतलंत?"

"पुरतं तेवढं."

पुरतं म्हणे. ज्या माणसाने उभी नोकरी शाळेतल्या पोरांना डोंगर चढवण्यात घालवली, आणि अर्धं पाणी चढायला, अर्धं उतरायला हे एकच पालुपद कान किटेपर्यंत ऐकवलं, तो हे म्हणत होता. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच रविवारी तिलाही डोंगरावर नेलं होतं. माथ्यावर तिने बाटली तोंडाला लावली, तर मास्तरांनी ती सरळ काढून घेतली. "हे उतरणीचं पाणी. याला आत्ता हात लावायचा नाही." नव्या सुनेला अगदी रडू कोसळलं. तेव्हा सासूबाईंनी मागून गुपचूप आपली बाटली पुढे केली होती.

सासूबाई हिवाळ्यात गेल्या. तेव्हापासून मास्तर नुसते खिडकीशी बसून असत. दाढी नाही, बोलणं नाही, पुढ्यातलं ताट तसंच. आणि आज सकाळी उठून दाढी केली, अंघोळ केली, म्हणाले, डोंगरावर जावं म्हणतो. मुलगा बस चालवायचा. पहिल्या पाळीला निघताना तो हरखून गेला होता. "बाबा माणसात आले बघ," तो बायकोच्या कानाशी म्हणाला होता. तिलाही तसंच वाटलं होतं.

आता मात्र तिची नजर खुंटीकडे गेली. गुडघ्यांना बांधायचे पट्टे तिथेच लटकत होते. चढताना मास्तरांना ते लागत नसत. उतरताना मात्र त्यांच्याशिवाय पाऊल टाकवत नसे, साधा जिनासुद्धा नाही.

"पट्टे राहिले, बाबा."

"असू दे."

पिशवीत चढणीचं सगळं होतं. उतरणीचं काहीच नव्हतं.

नवऱ्याला फोन करावा, तर तो भरली बस घेऊन रस्त्यात असणार. मास्तरांना तोंडावर विचारावं, तर ते हसण्यावारी नेणार. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिने दुकानात फोन लावला, आज येत नाही म्हणून सांगितलं आणि माळ्यावरून आपले जुने बूट काढले.

"मी पण येते."

मास्तरांचे हात नाडीवरच थांबले.

"तुला झेपायचं नाही. सवय मोडलीय तुझी."

"हळूहळू चढू."

"मला एकट्याला जायचंय."

"ते कळलं मला, बाबा."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी मान खाली घातली. ती समोर बसून बूट घालू लागली. नाड्यांची गाठ धड बसेना.

मास्तरांना ते बघवेना. ते त्या तसल्या गुडघ्यांनी जमिनीवर बसले आणि तिचा पाय पुढे ओढून घेतला.

"अशी सैल बांधलीस तर उतरताना बोटं पुढे आदळतील. नखं काळीनिळी होतील."

त्यांनी दोन्ही नाड्या करकचून आवळल्या. मग खुर्चीच्या आधाराने कसेबसे उठले, पिशवीतली बाटली काढली, नळाखाली धरून काठोकाठ भरली आणि तिच्या हातात दिली.

"ही तुला."

"आणि तुम्हाला?"

फडताळात सासूबाईंची बाटली होती. सुनेने ती विसळली, भरली आणि त्यांच्या पिशवीत खोचली. खुंटीवरचे पट्टेही घेतले. त्यांनी अडवलं नाही. बरं, असंही म्हटलं नाही.

दोघं बाहेर पडली. या घरातून 'जातो' म्हणून कुणी निघालेलं सासूबाईंना खपत नसे. उंबऱ्यावरून परत बोलवायच्या आणि 'येतो' म्हणायला लावायच्या. सुनेने आत वळून म्हटलं, "येते." मग कुलूप हातात धरून ती थांबली. दार तिने उघडंच ठेवलं.

"लाव आता," मास्तर म्हणाले.

तिने लावलं नाही.

मास्तरांनी उघड्या दारातून आत पाहिलं. समोर भिंतीवर सासूबाईंचा फोटो होता.

"येतो गं," ते हळूच म्हणाले. तिला नव्हे, फोटोला.

घरी परत येतो, की तुझ्याकडे येतो, हे विचारायचा धीर सुनेला झाला नाही. तिने कुलूप लावलं आणि सासऱ्यांचा हात धरला. दारापुढच्या पायऱ्या उतरायच्या होत्या. त्यांनी हात सोडवून घेतला नाही.