बारावी चूल

आमचं गाव माझ्या फोडणीमुळे वसलं असं मी म्हटलं की घरचे सगळे हसतात. हसू द्या. पटवाऱ्याच्या जिभेला विचारा म्हणावं.

साल बेचाळीस. जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यावर बॉम्ब पडणार अशी आवई उठली होती, बाजारात धान्य दिसेना. तेव्हा कारखान्यातल्या बारा मराठी कुटुंबांनी सिहोऱ्याच्या अलीकडे सरकारकडून पडीक जमीन मागून घेतली. अट एकच, दिवाळीच्या आत पटवाऱ्याला, म्हणजे तिकडच्या तलाठ्याला, तिथे बारा चुली पेटलेल्या दिसल्या पाहिजेत. एक जरी कमी पडली, तर जमीन परत.

पुरुषांनी ओळंबा आणि पाणसळ लावून गल्ल्या आखल्या. गुरांचा गोठासुद्धा काटकोनात! पण पहिल्याच रात्री कोल्हे ओरडले आणि बारावा तुळशीराम सकाळी बायकोमुलांसकट जबलपुरातल्या आपल्या बड्या फुहाऱ्याच्या वस्तीत परत गेला. राहिल्या अकरा.

माझे थोरले दीर रत्नाकरराव माझ्या यजमानांना म्हणाले, "आपण दोघे भाऊ आहोत. कुंदाची चूल वेगळी मांडू."

माझ्या जाऊबाई, अनसूयाबाई, पदरात तोंड लपवून रडल्या. चूल वेगळी म्हणजे घर फुटलं, हेच त्यांना ठाऊक. शेवटी कबूल झाल्या, पण वरण त्यांनीच शिजवायचं, अर्धं माझ्या चुलीवर नुसतं ठेवायचं आणि पटवारी गेला की चूल त्यांच्याच हातांनी मोडायची.

मी मान डोलावली. खरं सांगते, मला ती चूल मनापासून हवी होती. माझं माहेर वर्ध्याचं, झणझणीत खाणारं. रत्नाकररावांचं पोट नाजूक, म्हणून लग्नापासून अकरा वर्षं मी बिनतिखटाचं वरण मुकाट्याने गिळत होते. जाऊबाई इतक्या मायेने वाढायच्या की बोलायची सोय नव्हती.

पटवारी यायच्या सकाळी जाऊबाईंनी स्वतः आपल्या चुलीतला विस्तव आणून माझी चूल पेटवली, वरणाचं पातेलं ठेवलं आणि गेल्या. मी एकटी उरले. समोर लसूण, लाल मिरच्या, वांगी. मला राहवलं नाही. वरण खाली उतरलं, रस्सा वर चढला.

पटवारी चुली मोजत आमच्या अंगणात येऊन थांबला. "भैया, ये तो एक ही घर है. इस चूल्हे की मिट्टी अभी गीली है."

रत्नाकररावांचा चेहरा पडला. माझे यजमान विष्णू कारखान्यातून रजा काढून आले होते, ते नुसते टोपी चुरगाळत उभे. पटवारी मोठा चाणाक्ष. म्हणाला, "अच्छा, दोनों घर का खाना चखाओ."

आधी त्याने जाऊबाईंचं वरण चाखलं. मग माझा रस्सा. क्षणभर काही झालं नाही. मग ठसका लागला, कान लाल झाले, दोन तांबे पाणी पोटात गेलं.

"जो वो खाता है, वो ये नहीं खा सकता," तो घाम पुसत म्हणाला. "दो घर हैं. लिखो, बारह."

गावात एकच जल्लोष झाला. मी मात्र गारठले, कारण जाऊबाई खाली उतरवलेल्या वरणाकडे बघत होत्या. पटवारी गेला आणि त्या चूल मोडायला खुरपं घेऊन माझ्यापाशी आल्या.

"अकरा वर्षं काय खाऊन राहिली होतीस तू? काहून नाही सांगितलं मला?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

जाऊबाई खाली बसल्या, भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून खाल्ला, नाक ओढलं आणि दुसरा तुकडा मोडला. तिसराही. माझा जीव खुरप्यात अडकलेला.

"वाढ अजून," त्या म्हणाल्या आणि खुरपं कोपऱ्यात सरकवलं. "राहू दे ही चूल. पण विस्तव रोज माझ्याकडूनच न्यायचा. काडी लावून पेटवलीस तर याद राख."

आज गावात सत्तर चुली आहेत. माझ्या चुलीला अजून काडी लागलेली नाही.