पाठकोऱ्या कागदांची फाईल

मी एक जुनी फाईल आहे. खाकी पुठ्ठा, झिजलेले कोपरे, आणि मूळची नाडी तुटल्यावर बांधलेली बुटाची लेस. माझ्या रूपाचं काही विचारू नका, मित्रांनो. पण नशिबाला मी कधी नावं ठेवली नाहीत.

माझा जन्म कागद कारखान्यातला. तिथे बॉयलर सांभाळणारे एक मिस्त्री नोकरीत कायम झाले, त्या दिवशी मला त्यांच्या हाती देण्यात आलं. म्हातारपणी त्यांना किती पेन्शन मिळेल, हे सांगणारा एक कागद दरवर्षी यायचा. तो पोटात ठेवायचा, एवढंच माझं काम. पहिली आठ वर्षं मी कपाटावर धूळ खात पडून होते.

मग मिस्त्रींचं लग्न झालं. त्यांच्या बायकोला मी मनातल्या मनात ताई म्हणते. ताईंना कागद वाया गेलेला खपत नसे, आणि पेन्शनचे कागद तर पाठकोरे! झालं, माझी रवानगी स्वयंपाकघरातल्या खणात झाली. कागदांच्या मागे ताई पेन्सिलीने लिहू लागल्या. मिस्त्रींची रात्रपाळी कधी, लेकीची उंची किती वाढली, सासूबाईंच्या गोळ्या कोणत्या वेळी. एका वर्षी लिहिलं होतं, 'शिवणाच्या दुकानातली नोकरी सोडली. आईंना उठवायला-बसवायला कोणीतरी हवं.' कारखान्याच्या साहेबांनी हे पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. मला मात्र धन्य वाटायचं.

बावीस वर्षांनी दोघांचं बिनसलं. भांडणं नव्हती, नुसता अबोला. घटस्फोट ठरला. वाटणीत मिस्त्रींनी सायकल आणि रेडिओ घेतला, स्वयंपाकघर ताईंकडे आलं, आणि खणासकट मीही. मी त्यात आहे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सहीच्या दिवशी ताईंनी मला पिशवीत घालून वकीलबाईंकडे नेलं. मिस्त्री समोरच बसले होते.

"यांचे कागद माझ्याकडे राहिले होते, तेवढे परत करायचेत," ताई म्हणाल्या.

वकीलबाईंनी लेस सोडली. "पेन्शनचं बोलणं झालंय का तुमचं?"

"त्यात काय बोलायचं? नोकरी त्यांची, पेन्शन त्यांची. मी कुठे बॉयलरपाशी उभी होते?"

"आणि हातपाय थकल्यावर खाणार काय? भांडी?"

ताईंनी सहीचा कागद पुढे ओढला. त्यांच्याजवळ दुसरा आधार नव्हता, आणि हातातलं पेन उघडंच होतं. माझा जीव टांगणीला लागला.

मागचं पेन्सिलीचं अक्षर दिसताच वकीलबाईंनी एकेक कागद उलटा करून मिस्त्रींपुढे ठेवला. मिस्त्री वाचत राहिले. नोकरी सोडल्याच्या कागदाशी थांबले.

"हे सगळं तू यावर लिहायचीस?"

"पाठकोरे होते ना!"

मिस्त्रींना हसू फुटलं. मग त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. "तू आईला सांभाळलंस म्हणून मी पाळीवर जाऊ शकलो. लिहा, वकीलबाई. लग्नाआधीची आठ वर्षं माझी. पुढच्या बावीस वर्षांची पेन्शन निम्मी निम्मी."

"नुसतं तोंडी म्हणून भागायचं नाही," वकीलबाई म्हणाल्या. "कोर्टाचा तसा हुकूम पेन्शनच्या कचेरीत गेला पाहिजे. तरच यांचा वाटा यांच्या नावावर निघेल." त्यांनी त्या दिवशीची सही पुढे ढकलली आणि करारनामा नव्याने लिहिला.

संसार काही पुन्हा जुळला नाही. पण दोघं जिना उतरताना एकमेकांशी बोलत होते. त्या वकीलबाईंचे, मिस्त्रींचे आणि सगळ्यात जास्त ताईंच्या काटकसरीचे माझ्यावर फार उपकार आहेत.

म्हणून सांगते, मित्रांनो, घरातले जुने कागद नीट जपा. कोणाला ते देऊन टाकण्याआधी एकदा उलटूनही बघा.

मी अजून त्याच खणात आहे; मिस्त्रींनी मला ताईंकडेच राहू दिलं. परवा पेन्शनच्या कचेरीतून नवा कागद आला. ताईंनी सवयीने पेन्सिल घेतली आणि तो उलटा केला. मग थांबल्या, सुलटा केला आणि बराच वेळ बघत राहिल्या. इतकी वर्षं त्यांचं अक्षर मागे असायचं. या वेळी पुढे त्यांचं नाव होतं.