काळजाचं पथ्य

औषध म्हटलं की पथ्य आलंच, हे लालीबाईला शिकवावं लागलं नव्हतं. वैदू झाडपाला द्यायचा तर आधी काय खायचं नाही ते बजावायचा. दिग्रसच्या दवाखान्यातला कंपाउंडर बाटलीत लाल पाणी भरून देताना तेल-तिखट बंद करायचा. जेवढं पथ्य कडक तेवढं औषध जालीम, असं तांड्यातल्या समस्त बायांचं मत होतं. म्हणून जीपवाल्यांनी सांगितलेलं पथ्य लालीबाईनं जीव लावून पाळलं. तिनं थोडा आळस केला असता, थोडी चोरी केली असती, तर तिच्या लेकीचा उजवा डोळा आज जागेवर असता. ही गोष्ट आठवली की अजून डोकं भणभणतं.

लेक म्हणजे जमनी. चार वर्षांची, लालीबाई आणि भीमसिंगची एकुलती एक. उन्हाळा लागला आणि घरातली भाजी-भाकर आटली की या पोरीला दिवेलागणीनंतर दिसेनासं व्हायचं. दारातल्या घागरींना धडकायची, आई पुढ्यात उभी असताना "याडी, याडी" करून हाका मारायची. तांड्यात असं होणारं ते एकटंच लेकरू नव्हतं, आणि त्यावरचा तांड्याचा उपायही जुनाच होता. बोकड कापला की त्याचं काळीज निखाऱ्यावर भाजायचं आणि लेकराला चारायचं. थोड्या दिवसांत लेकरू तिन्हीसांजेला अंगणात धावायला लागायचं. भीमसिंगच्या आईनं भीमसिंगला असंच बरं केलं होतं, आणि मागच्या उन्हाळ्यात लालीबाईनं जमनीला.

महाराष्ट्र होऊन वर्ष उलटलं होतं, तेव्हा ती जीप आली. तिच्यातून डॉक्टर वामनराव पाटणकर उतरले. शहरातल्या कुठल्याशा संशोधन संस्थेचे मोठे डॉक्टर. आवाज मऊ, बोलणं गोड, लेकरांच्या गालाला हात लावून बोलायची सवय. अशा माणसाचा राग यायला वेळ लागतो, हीच तर पंचाईत. सोबत यवतमाळची इंदुताई नर्स होती. तांड्याचा नायक धावजी यानं लिंबाखाली खाट टाकली, चहा पाजला, आणि डॉक्टरांनी सगळ्यांना समजावलं, की संध्याकाळी दिसत नाही अशा मुलांसाठी आम्ही तेल आणलं आहे. दर गुरुवारी एक चमचा. मुलांचे डोळे आम्ही येऊन तपासू.

मग बाटल्या वाटल्या. एका घराला लाल बुचाची बाटली, त्याच्या शेजारच्या घराला पांढऱ्या बुचाची, पुन्हा लाल, पुन्हा पांढरी. लालीबाईच्या वाट्याला पांढरं बूच आलं, आणि भिंतीला भिंत लागून राहणारी तिची जाऊ हंसाबाई, तिच्या वाट्याला लाल.

"दोन रंग काहून जी?" धावजी नायकानं विचारलं.

"आमच्या सोयीसाठी," डॉक्टर म्हणाले.

यात काही खोटं नव्हतं. सगळं त्यांच्याच सोयीसाठी होतं.

जाता जाता इंदुताईनं बायांना गोळा करून सांगितलं, "एकमेकींच्या बाटलीले हात लावाचा नाई. अन् तेल सुरू हाये तोवर लेकराइले काळीज चारू नका. साहेबाचा हिशोब बिघडते."

साहेबाचा कसला हिशोब, ते कोणी विचारलं नाही. बायांनी ऐकलं ते एवढंच, की काळीज खाल्लं तर औषध बिघडतं. म्हणजे पथ्य. आणि हातचं काळीज सोडायला लावतं म्हणजे औषध भलतंच जालीम असणार. लालीबाईला उलट हुरूप आला.

पंधरवड्यात देवीचा बोकड झाला. तांड्यात बोकड झाला की तांड्याची जेवढी घरं तेवढे वाटे पळसाच्या पानांवर मांडतात. नायकाचा वाटा मोठा नाही, रांडमुंड बाईचा लहान नाही, आणि काळजाचा तुकडा प्रत्येक पानावर पडलाच पाहिजे. पडला नाही तर भांडणं होतात. लालीबाईनं आपल्या पानावरचा तुकडा उचलला आणि नायकापुढे परत ठेवला.

धावजी नायकाच्या कपाळाला आठी पडली. "वाटा वापस करतं काय कोनी? तांड्याशी वाकडं हाये काय तुहं?"

"पथ्य हाये, नायक. पोरीचं तेल सुरू हाये. घरात आनलं तर मले पाह्यवनार नाई, चारून बसीन."

नायकानं मान हलवली आणि तो तुकडा दुसऱ्याच्या पानावर टाकला. जमनी आईच्या घागऱ्याला धरून त्या पानाकडे बघत होती. पोरीला भाजलेलं काळीज फार आवडायचं. लालीबाईनं तिला ओढत घरी नेलं आणि रडली म्हणून एक धपाटाही दिला. एवढं कडक पथ्य.

दर गुरुवारी हंसाबाईच्या घरातून बोंबाबोंब ऐकू यायची. तिचा हिऱ्या चमचा पाहिला की पळायचा. त्याला दोघांनी दाबून धरावं लागे, तरी अर्धं तेल तो थुंकायचा. आणि इकडे जमनी! आ करायची, गिळायची आणि वर चमचा चाटून द्यायची. लालीबाई भिंतीवरून जावेला चिडवायची, "माही जमनी पाय, कशी चमचा चाटते! तुहा हिऱ्या निरा नाटक्या हाये."

"तुही पोट्टी शहानी हाये बाप्पा," हंसाबाई घामाघूम होऊन म्हणायची.

लालीबाईला त्याचा केवढा अभिमान! संध्याकाळी हिऱ्या अंगणात गोट्या शोधून काढायला लागला आणि जमनी मात्र अजून घागरींना धडकतच होती, तरी तिच्या मनात शंका आली नाही. एकेकाला औषध उशिरा लागू पडतं, असं म्हणून ती गुरुवारची वाट बघत राहिली.

मग तांड्यात गोवर आला. गोवर तसा सगळ्याच लेकरांना आला आणि गेला. जमनीचा मात्र जाताना उजवा डोळा धरून गेला. तिला उजेड सोसेना. दोन्ही हातांनी डोळे झाकून ती कोपऱ्यात तोंड घालून बसायची. लालीबाईनं बळंच पापणी उघडली तर बुबुळावर दुधाची साय धरल्यासारखं दिसलं.

गुरुवारी डॉक्टरांनी बॅटरी मारून तो डोळा बराच वेळ पाहिला. सोबतच्या माणसाला इंग्रजीत काही सांगितलं, त्यानं ते लिहून घेतलं. कोनाड्यातल्या बाटलीकडेही त्यांची नजर गेली. पांढरं बूच त्यांना दिसलं. दिसलं म्हणजे दिसलंच, लालीबाईला ती नजर पुढे जन्मभर आठवत राहिली. मग त्यांनी डोळ्यात घालायचे थेंब दिले आणि तेल चालू ठेवा म्हणाले.

"साहेब, दोन चमचे पाजू काय?" लालीबाईनं पदर पसरून विचारलं.

"नको, ठरलं आहे तेवढंच द्या," डॉक्टर मऊपणानं म्हणाले.

पुढच्या गुरुवारच्या आत डोळा फुटला आणि खोल गेला. भीमसिंग कापसाची गाडी घेऊन दिग्रसच्या जिनिंगवर गेला होता. तो परत आला, पोरीचं तोंड पाहिलं आणि तसाच खाली बसला. आणि आता डावा डोळाही कोरडा पडू लागला होता. त्यातली चमक गेली होती. पोर भरदुपारी आईच्या गळ्याला हात लावून तीच आहे ना याची खात्री करायची.

त्या गुरुवारी सकाळी हंसाबाईनं भिंतीवरून हाक मारली. "लाली, येनं व जरा, या हिऱ्याले धर. आज साहेबासंगं कोनी पाव्हने येऊन राह्यले म्हंते, पोराइले तयार ठेवा लागते."

लालीबाई गेली. तिनं हिऱ्याला मांडीत दाबला, हंसाबाईनं चमचा घातला, आणि पोरानं सवयीनं अर्धं तेल लालीबाईच्या हातावर थुंकलं. घाणेरडा मासळीचा भपकारा आला. लालीबाईनं हात नाकाशी नेला. पुन्हा नेला. हिऱ्याला तसंच सोडून ती घरी आली, कोनाड्यातली बाटली काढली, पांढरं बूच उपटलं. कसलाच वास नाही. बोटावर तेल घेऊन तिनं जिभेला लावलं.

भुईमुगाचं तेल होतं. चुलीपाशी वाडग्यात होतं तेच.

तिला आधी काही सुचलंच नाही. मग ते चमचा चाटणं डोळ्यांपुढे आलं. तिनं जमनीला कडेवर घेतलं, हंसाबाईच्या घरात शिरून लाल बुचाची बाटली उचलली, आणि दोन्ही बाटल्या एका मुठीत धरून ती लिंबाकडे चालू लागली. मागून हंसाबाई, तिच्यामागून भीमसिंग आणि दुसऱ्या बाया.

लिंबाखाली डॉक्टर दोन पाहुण्यांना लेकरं दाखवत होते. लाल बुचाची एका रांगेत, पांढऱ्या बुचाची दुसऱ्या. फरक कसा ठळक दिसतो, ते खुशीत येऊन सांगत होते.

"या बाटलीत काय हाये जी?" लालीबाईनं पांढऱ्या बुचाची बाटली त्यांच्या नाकासमोर धरली.

"बाई, आपण नंतर बोलू. पाहुणे आले आहेत."

"इंदुताई, तू सांग. तू लेकरावाली हायेस ना?"

इंदुताईची मान खाली गेली. "भुईमुगाचं तेल हाये, बाई."

लिंबाखाली एकदम गलका झाला. डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले आणि त्याच मऊ आवाजात समजवायला लागले. "ऐका. सगळ्यांनाच खरं तेल दिलं असतं तर तेलामुळे फरक पडला हे सिद्ध कसं झालं असतं? सरकारला पुरावा लागतो. हे सिद्ध झालं की जिल्ह्यातल्या गावोगाव तेल मिळेल. तुमच्या मुलीसारख्या किती मुली वाचतील."

"माह्या पोरीसारख्या," लालीबाई म्हणाली. "माही पोरगी नाई."

डॉक्टरांनी पाहुण्यांकडे पाहिलं.

"अन् काळीज काहून बंद केलं?"

"काळजात तेच सत्त्व असतं ना, बाई. मुलांनी ते खाल्लं असतं तर तेलाचा गुण कोणता आणि काळजाचा कोणता, हे आम्हाला कळलंच नसतं."

"म्हंजे तुमाले ठाऊक होतं!" लालीबाईचा आवाज फाटला. "मी समजत होती का आमी अडानी, आमचं काळीज खोटं, तुमचं तेल खरं. तुमाले पयलेपासून ठाऊक होतं का काळजानं नजर येते. म्हून बंद केलं! खोटं तेल पाजलं ते पाजलं, घरचं खरं होतं तेबी तोंडातून काढून घेतलं. म्या माह्या हातानं वाटा वापस केला, साहेब. पोरगी मांगत होती तं तिले मारलं म्या. तुमाले काळीज हाये काय?"

एक पाहुणा खाकरून दुसरीकडे पाहू लागला. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला होता. "ठीक आहे," ते म्हणाले, "हिला आपण आजच खरं तेल देऊ. जीपमध्ये घालून यवतमाळला नेऊ. तुम्ही शांत व्हा."

"अन् हे?" लालीबाईनं पांढऱ्या बुचाच्या रांगेकडे हात केला.

"त्यांचं... दोनच महिने राहिले आहेत. तेवढे थांबावं लागेल."

लालीबाई हसली. ते हसू पाहून इंदुताई मागे सरली. "आमच्यात एकटीच्या पानावर वाटा नसते पडत, साहेब."

धावजी नायक खाटेवरून उठला. "लाल बुचाच्या बाटल्या आना रे सगळ्या घरातून," तो ओरडला. "जीपमदलं खोकंबी उतरवा. वाटा करा."

"अहो, नायक!" डॉक्टरांच्या आवाजातला मऊपणा पहिल्यांदाच सुटला. "सगळा अभ्यास मातीत जाईल! वर्षाची मेहनत आहे!"

"जाऊ द्या," नायक म्हणाला.

डॉक्टर खोक्याच्या आड उभे राहिले. भीमसिंगनं त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं. इंदुताईनं पिशवीतून चमचा काढला आणि खोक्याशी जाऊन बसली.

पुढे त्या संस्थेच्या अहवालात छापून आलं, की लोकांच्या असहकारामुळे हा तांडा अभ्यासातून वगळावा लागला. असहकार! ज्या बाईनं पथ्यापायी लेकीच्या तोंडचा घास काढला, तिचा असहकार. जमनीचा डावा डोळा वाचला, पण ते कळायला बरेच दिवस जायचे होते. त्या घडीला लालीबाईच्या हातात फक्त भरलेला चमचा होता.

तिनं तो जमनीच्या तोंडात घातला. मासळीचा तो वास पोरीच्या नाकात भरला, तिचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि चमचा चाटणारी जमनी पहिल्यांदाच किंचाळली, हातपाय झाडू लागली, थुंकू लागली. हंसाबाईनं तिचे पाय धरले. लालीबाईनं तिचं तोंड तळहातानं दाबून धरलं, ती गिळेपर्यंत धरून ठेवलं, आणि मग दुसरा चमचा भरला.