मागच्या रांगेतली जागा

मी सात सीटांची गाडी बोलतेय. देखणी मी कधीच नव्हते. पुढून बोथट, मागून चौकोनी, दोन्ही अंगांना सरकते दरवाजे. रस्त्यात मान वळवून कुणी माझ्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. पण माझ्या पोटात बसायच्या तीन रांगा होत्या, आणि त्यातल्या शेवटच्या रांगेबद्दल मला तुम्हाला काही सांगायचंय.

कारखान्यातून बाहेर पडल्यावर माझी पहिली नोकरी एका हॉटेलात. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं, पुन्हा स्टेशनवर सोडायचं. सातही जागा भरलेल्या असायच्या, पण आत कुणी कुणाशी बोलत नसे. घड्याळात बघायचे, सामान मोजायचे, उतरून जायचे. माझं नाव विचारायला कुणी यावं अशी माझी अपेक्षा नव्हती, पण निदान कुणीतरी आत बसून हसावं असं फार वाटायचं. पुढे हॉटेलवाल्यानं नवी गाडी घेतली आणि मला जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे पाठवलं. हा माणूस भर उन्हातही गळ्यात टाय बांधून फिरायचा, म्हणून सगळे त्याला टायवालाच म्हणत.

एका रविवारी सकाळी दोन लहान गाड्या एकामागोमाग फाटकातून आत आल्या. पहिलीतून आई, बाबा आणि दोन जुळे मुलगे उतरले. दुसरीतून एक उंच, चष्मेवाली बाई उतरली आणि तिचं बोट धरून पाच-सहा वर्षांची मुलगी. ती बाई म्हणजे मुलांची मावशी, आईची थोरली बहीण. चष्म्याच्या दुकानात ती लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायची, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटीच राहायची. जुळी झाल्यापासून बाबांच्या गाडीत तिघांना बांधून बसवायच्या खुर्च्या काही केल्या मावत नव्हत्या. म्हणून कुठंही जायचं झालं की मावशी आपली गाडी घेऊन येई आणि थोरल्या ठकूला तिच्यात घेई. दोघींचं असं काही जमायचं की आईबाबांच्या गाडीत बस म्हटलं तर ठकू भोकाड पसरायची. जुळ्यांना बोका आणि भोपळा ही नावंही मावशीनंच पाडलेली.

बोक्यानं आल्याआल्या माझं चाक चाटून पाहिलं. भोपळा टायवाल्याच्या टायला लोंबकळला. ठकूला सरकत्या दरवाजाचा शोध लागला आणि मग तो उघडणं आणि लावणं याखेरीज तिला जगात दुसरं काम उरलं नाही. बाबांनी मात्र मला एक प्रदक्षिणा घातली, टायरवर बुटाचं टोक मारलं आणि तोंड वाकडं केलं. ही तर शाळेची गाडी दिसते म्हणाले, मी काय पोरं पोचवायचा धंदा काढतोय. त्यांचा डोळा होता शेजारच्या लांबट निळ्या गाडीवर. तिला पाच सीटा होत्या आणि चकाकी भरपूर.

आईनं तिन्ही खुर्च्या उचलून आणल्या आणि घाम गाळत आधी माझ्यात बसवल्या, मग निळीत. माझ्यात त्या ऐसपैस बसल्या, निळीतही कशाबशा बसल्या. एवढ्या वेळात मावशी आणि ठकू माझ्या शेवटच्या रांगेत शिरल्या होत्या. मावशीचे गुडघे हनुवटीला लागत होते, पण दोघी खिदळत होत्या. हॉटेलच्या नोकरीत असं हसणं मी ऐकलं नव्हतं.

"आपण पाचच तर आहोत," बाबा म्हणाले. "सात सीटा करायच्या काय?"

"आपण सहा आहोत," आई म्हणाली. "मागची जागा ताईची."

मागे मावशीचं हसू थांबलं. तिनं चष्मा काढला आणि ओढणीनं पुसला. काचा स्वच्छच होत्या.

मग सगळं भराभर झालं. टायवाला म्हणाला, जुनी गाडी देऊन टाका, म्हणजे ही घेणं सोपं जाईल. मावशीनं आपल्याही गाडीची किल्ली पर्समधून काढून त्याच्या टेबलावर ठेवली. बाबा नको नको म्हणाले, आई म्हणाली, ताई, असं करू नकोस. मावशीनं ऐकलं नाही. आठवडाभर मी चालतच दुकानात जाते, म्हणाली, आणि रविवारी तुम्ही आहातच की. त्या दिवशी सगळे माझ्यातूनच घरी गेले, मावशी मागे, ठकू तिच्या कुशीत. मला वाटलं, गाडीच्या जन्माला आल्याचं सार्थक झालं.

पहिली सहल तळ्याकाठी गेली, तीही अशीच. दुसऱ्या वेळी मात्र बाबागाडी, दुधाच्या बाटल्या, कपड्यांच्या पिशव्या, घडीची गादी असा पसारा दाराशी जमला. मागची रांग भरली की सामानाला जागाच उरत नव्हती. बाबांनी खटका दाबला आणि माझी शेवटची रांग जमिनीसपाट झाली. सामान मजेत मावलं. आई क्षणभर त्या सपाट जागेकडे बघत राहिली. मग म्हणाली, ताई आठवडाभर उभी असते, दमली असेल, आज झोपू दे तिला.

वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. पुढच्या खेपेला उशीर झाला होता, आणि मावशीचं घर पडलं उलट्या दिशेला. त्याच्या पुढच्या खेपेला बोक्याला ताप येऊन गेला होता. त्यानंतर विचारायचं राहून गेलं, आणि इतके दिवस विचारलं नाही तर आता कसं विचारायचं, असं होऊन बसलं. सुरुवातीला ठकू विचारायची, मावशी कुठंय. पुढे तिला शाळेतल्या मैत्रिणी मिळाल्या. सपाट झालेली रांग कुणी पुन्हा उभी केलीच नाही. तिच्यावर वाळू सांडली, सरबत सांडलं, बिस्किटांचा चुरा साचला. कधी सिग्नलला मी नेमकी चष्म्याच्या दुकानासमोर थांबायचे. काचेआड मावशी कुणाच्या तरी नाकावर चष्म्याची दांडी बसवून बघत असायची. आई हात वर करायची, मावशीही करायची, आणि दिवा हिरवा व्हायचा. मला कुणी बोलता येण्याचं वरदान दिलं असतं, तर त्या सिग्नलला मी एकदा तरी बोलले असते.

मग काही वर्षांनी एकदा भरदुपारी, बाजाराच्या रस्त्यावर, मावशी बसथांब्यावर दिसली. दोन्ही हातांत जड पिशव्या. बाबांनी लगेच गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून म्हणाले, "चला ताई, सोडतो." आणि त्यांनी माझा दरवाजा सरकवला.

आत मधल्या रांगेत तीन मुलं. मागे सायकली, फुटबॉल, खोकी, तंबूची गुंडाळी, छपरापर्यंत. बाबा घाईघाईनं एकेक वस्तू उपसायला लागले. मागून बस आली, तिचा भोंगा वाजायला लागला. घामाघूम बाबांच्या खांद्यावर मावशीनं हात ठेवला आणि राहू द्या म्हणाली, माझी बस आलीच. मग ती आईच्या खिडकीशी वाकली.

"सात सीटांची घेतली होती ना गं?" तिनं विचारलं.

टोमणा नव्हता त्यात. एखादी गोष्ट आपल्या नीट लक्षात आहे ना, एवढंच ती विचारत होती जणू. मावशी बसमध्ये चढली.

घरी पोचल्यावर आईनं सगळं सामान अंगणात काढलं आणि शेवटची रांग उभी करायला गेली. खटका सरबतानं चिकटून बसला होता. ती ओढत राहिली, नख तुटलं तरी ओढत राहिली. शेवटी बाबा आले, दोघांनी मिळून जोर लावला, तेव्हा कडाड आवाज करून रांग उभी राहिली. आईनं ती साबणाच्या पाण्यानं घासून घासून धुतली. बाबा पाणी आणून देत होते.

त्या रविवारी बाबा घरीच राहिले, आणि आईनं मला चालवत मावशीच्या दारात नेलं. मावशी आली, आनंदानं आली. पण आई म्हणाली, ताई, तू पुढं बस, आणि मावशीही बसली, पर्स मांडीवर घेऊन, पाहुण्यासारखी. मुलांना अभ्यास कसा चाललाय विचारलं. मुलांनी बरा चाललाय म्हणून सांगितलं. ठकू कानात गाणी घालून खिडकीबाहेर बघत होती. धुतलेली रांग रिकामीच राहिली. संध्याकाळी उतरताना मावशीनं सगळ्यांचे आभार मानले. आभार ऐकून आईचा चेहरा असा झाला, की तिनं रागानं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

नंतर मावशी क्वचितच यायची. तिला पोहायला जाणाऱ्या मैत्रिणी मिळाल्या होत्या, तिचे रविवार आता तिचे होते. मी म्हातारी झाले, चढावर धापा टाकू लागले, आणि मला विकायचं ठरलं. न्यायला माणूस यायचा होता त्या रविवारी सकाळी आई एकटीच झाडू घेऊन आत शिरली. झाडून झाल्यावर ती शेवटच्या रांगेत जाऊन बसली. गुडघे हनुवटीशी आले. तिनं फोन लावला. फोन तिच्या कानाशी होता, पण आत इतकं शांत होतं की मला पलीकडचंही ऐकू येत होतं.

"ताई, आज गाडी देतोय," आई म्हणाली. "येतेस का? एक चक्कर मारू. दोघीच."



"आज नको गं," मावशी म्हणाली. "आज दुकानात फार गर्दी आहे."

रविवारी चष्म्याचं दुकान बंद असतं. हे मावशीला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. आई म्हणाली, बरं, आणि फोन कानाशी तसाच धरून बसून राहिली.

आता मी एका रोपवाटिकेत असते. मालकानं माझ्या मागच्या दोन्ही रांगा खोलून काढल्या आणि तिथं फळ्या ठोकल्या. कुंड्या वाहते, ओल्या मातीचा वास घेते, चढावर थांबत थांबत जाते. मालक भला आहे, तक्रार नाही. पण तुमच्यापैकी कुणी लहान मुलं घेऊन गाडी बघायला निघाला असाल, तर माझं एवढं ऐका. आधी माणसं बसवा, मग सामान भरा. काही घरी राहिलं तर राहू द्या.