उलटी खुर्ची

"तू बी बापावानी पडद्याकडं पाठ करून बसलीस व्हय गं?" सगुणाबाईंनी विचारलं.

सायमा नुसती हसली. खुर्ची तिने मुद्दामच उलटी फिरवली होती.

पौडच्या या घरात अब्बांची ही रीतच होती. चित्रपट-संकलक जैनुद्दीन म्हणून त्यांचं मुंबईत नाव झालं, कपाट बक्षिसांनी भरलं. पण चित्रपट जुळवून झाला की पहिला खेळ इथे, शेजारच्या सगुणाबाईंपुढे. अब्बा पडद्याकडे बघायचेच नाहीत, बाईंकडे बघायचे. बाईंचे गुडघे जन्माचे दुखरे. गोष्टीत जीव अडकला की त्या दुखणं विसरायच्या. गोष्ट सैल पडली की हात आपसूक गुडघ्यावर जायचा. तिथे अब्बांची कात्री चालायची. एका नामवंत नटाचं सबंध रडणं त्यांनी असंच उडवलं आणि त्याचं बूट घालणं तेवढं ठेवलं. नटाने बोलणं टाकलं. पुढे त्याच भूमिकेला पारितोषिक मिळालं, तेव्हा आंब्याची पेटी घेऊन तो पौडला आला.

शेवटच्या चित्रपटाचा खेळ मात्र आजारपणात राहून गेला. अब्बा गेले, आणि दिग्दर्शक सौरभचा फोन आला. लेक निघून गेल्यावर म्हातारी दाराला कडी घालते आणि कडीवरचा हात काढतच नाही, असा शेवट होता. सौरभ अदबीनेच म्हणाला, सरांकडून तो फार लांबलाय, दुखण्यात लक्ष उडालं असेल, निम्मा करू या का? अब्बांचा हात खरंच चुकला असेल का, असं सायमाच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

आता पाठीमागे पडद्यावर तीच कडी वाजली. मग काहीच ऐकू येईना. बाईंचा हात उचलला गेला, गुडघ्याकडे निघाला.

हात वाटेतच थांबला. तसाच अधांतरी राहिला. बाईंना त्याचा पत्ताच नव्हता.

पडद्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावरून उतरला, तेव्हा कुठे त्यांनी पदर सावरला.

"कडी लावली, पर हात निघंना बग तिचा," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "जैनू असता तर आता च्या मागितला असता."

सायमाने सौरभला फोन करून सांगितलं, शेवट आहे तेवढाच राहू द्या. मग ती चहा टाकायला उठली. खुर्ची मात्र तिने सरळ केली नाही.